झाकण उघडतं का

॥ श्री ॥
विचुंबे, नवीन पनवेल
५ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. वेणूताईस,
जगनचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझा दिवाळीचा डबा पोचला. पोस्टाने चकल्यांचा पार भुगा केला होता. निशाने तो दह्यात कालवून वाढला आणि वर मलाच सांगितलं की तुमच्या बहिणीच्या हाताला चव आहे, तुमच्या घराण्यात एकीच्याच. तुझ्या लेकीकडून, सुनीताकडून, कळलं की तिने कानात बसवून दिलेलं यंत्र तू तांदळाच्या डब्यात ठेवतेस आणि फोन वाजला की झाडू मारायला लागतेस. म्हणून पेन हातात घेतलं. आयुष्यभर न्हावा शेव्याला ट्रेलरच्या पावत्या खरडल्या, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

बातमी अशी की बाबांचा मचवा घरी आणला. आपली ‘रत्नमाला’! खाडीच्या काठी पडून होती, तिथे आता भराव टाकतायत. बुलडोझरखाली जाऊ द्यायला मन होईना. जुन्या ओळखीतून क्रेन आणि ट्रेलर मिळाला. पळस्प्याला हवालदाराने थांबवून विचारलं की काका, समुद्र तिकडे आहे, तुम्ही इकडे कुठे निघालात? आता ती आपल्या मोकळ्या प्लॉटवर टेकूंवर उभी आहे. तिन्ही बाजूंनी नव्या बिल्डिंगा, बाल्कनीतून लोक टकामका बघतात. आमच्या पोराचं, प्रितेशचं, वेगळंच चाललंय. गोवा रोडवरच्या एका हॉटेलवाल्याला ती दारात शोभेला हवी आहे, केबिनमध्ये म्हणे जोडपी बसून पापलेट खातील. मी अजून हो म्हटलेलं नाही.

बाहेरून ती बरी आहे. मी हात घातलाय तो आतल्या लाकडाला. तुला केबिन आठवते ना, दोन्ही बाजूंना बाकं, वर फळ्यांचं छत, समोर दिव्याची फळी? सगळं अस्सल सागवान. पण बाबांनी त्यावर ऑइलपेंट फासला आणि पुढे ज्याच्या ताब्यात मचवा गेला त्याने त्यावर आणखी. सगळा रंग खरवडून काढायचा आणि पूर्वीसारखं चंद्रुसाचं रोगण द्यायचं, असा माझा बेत आहे. करंजा गावचे हसुराम मेस्त्री मदतीला घेतलेत. हात चांगला, तोंड त्याहून चांगलं.

ताई, एक विचारायचं होतं. ज्या वर्षी मचवा रिकामा परत आला आणि भावजी आले नाहीत, त्यानंतर आठवडाभरातच बाबांनी तो रंग दिला होता. तो मी आता काढतोय. तुला चालेल ना? नको असेल तर स्पष्ट लिही, मी आहे तिथे थांबतो.

तब्येतीला जप. माझ्यावरची माया आहे तशी राहू दे, रागवायचं असेल तर पत्रातूनच रागव.

तुझा,
जगन


रोहा
१४ नोव्हेंबर २०२४

चि. जगन यास,
वेणूताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं. अक्षर खरंच भयंकर आहे. सुनीताने भिंग आणून दिलं तेव्हा ‘मचवा’ लागला, तोवर मी ‘मेथी’ वाचत होते आणि विचार करत होते की जगन मेथी ट्रेलरवर घालून का फिरवतोय.

कानातलं यंत्र मी मुद्दाम काढते. ते लावलं की कानात सारखी भरती आल्यासारखं वाजतं. त्यापेक्षा बहिरी बरी.

रंग काढ. माझी काय परवानगी मागतोस, मचवा तुझ्या बापाचा. पण घाई करू नकोस आणि त्या मेस्त्रीला तासायला देऊ नकोस. बाबांनी ते लाकूड घारापुरीच्या जत्रेला आपल्याला सगळ्यांना नेता यावं म्हणून हौसेने बसवलं होतं. तू तेव्हा इतका लहान होतास की बाकाखाली झोपायचास, आणि एकदा उठून डोकं आपटलंस तेव्हा सुनीताच्या वडिलांनी तुझ्या टेंगळाला रोगण चोळलं होतं. आई त्यांना किती बोलली! ते नुसते हसत होते.

इकडचं बरं आहे. डॉक्टर म्हणतात हृदय थकलंय. या वयात न थकून करेल काय? पण सुनीताने धसका घेतलाय. परवा तिने कपाट आवरताना हिरवं लुगडं बाजूला काढलं, कोरं. मला वाटलं कुणाच्या लग्नाचं. मग मी समजले. सवाष्ण म्हणून मला न्यायची तयारी करून ठेवतेय पोरगी. बापाचं नाव ऐकलं तरी जिचं तोंड कडू होतं, ती त्याच्या नावाचं हिरवं लुगडं घडी करून ठेवते. मला रात्रभर डोळा लागला नाही.

असो. निशाला सांग, वाल पाठवतेय, कडवे आहेत, भिजवून सोलून मग कर. पत्र लिही. तुझ्यावाचून मला कोण हसवणार?

तुझी ताई,
सौ. वेणू


विचुंबे
२७ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. वेणूताईस,
जगनचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

वाल पोचले. निशाने बिरडं केलं. मेस्त्रींनी इतकं खाल्लं की दुपारी काम झालं नाही.

काम तसं पुढे सरकलंय. गरम हवेच्या मशीनने रंग फुगवायचा आणि पात्याने अलगद उचलायचा, अशी रीत आहे. वरचा करडा जातो, मग निळा, मग बाबांचा हिरवा. त्याखाली लाकूड असं निघतं की हात फिरवत बसावंसं वाटतं. पण ताई, लाकूड गरम झालं की त्यातून वास येतो. आधी माशाच्या तेलाचा. मग विडीचा, आणि त्यात मिसळलेला तो लवंगेचा. भावजी विडी ओढून झाली की लवंग चघळायचे ना, आईला कळू नये म्हणून? पहिल्यांदा आला तेव्हा मी मशीन बंद करून बाहेर येऊन बसलो. निशाला हाक मारून आत पाठवलं. तिला लवंगेचाच आला. तिने तर भावजींना बघितलेलंही नाही.

आणखी एक. लिहू की नको असं झालं होतं. दिव्याच्या फळीच्या मागची भिंत साफ केल्यापासून आत आवाज येतो. टक टक. दोनदा. मग शांत. मग बऱ्याच वेळाने परत दोनदा. मला वाटलं उंदीर. मेस्त्री म्हणाले लाकूड सुकतंय. पण मग त्यांनीच मोबाइलवर भरतीची वेळ बघितली आणि मला दाखवली. खाडीला भरती लागली की वाजतं. इथे कुठे आहे खाडी? चहूकडे सिमेंट! तरी रोज भरतीची वेळ पुढे सरकते आणि तिच्याबरोबर आवाजही सरकतो. काल मेस्त्रींनी पटाशी ठेवली आणि सांगून टाकलं की आत कोन तरी हाय, त्याला बाहेर यायचा हाय, मी नाय बसनार एकटा. आता मी सोबत बसलो तरच ते काम करतात.

मला भीती वाटते का? वाटते. पण भुताची नाही. माझ्या मनात तो दिवस यायला लागलाय. मचवा ओढत आणला तेव्हा मी धक्क्यावर होतो. त्यांच्या चपला बाकाखाली होत्या, टॉवेल दोरीवर होता. जाणत्या लोकांनी आधी दिव्याच्या फळीवरचा देवाचा टाक शोधला. मचवा चालवणारा तांडेल तो कायमचा सोडून गेला तर देव बरोबर नेतो. दर्याने ओढून नेला तर देव मागे राहतो. फळी रिकामी होती. तिथल्या तिथे लोकांनी ठरवून टाकलं की भगवान बायको टाकून गेला. मग कुणी त्यांना वेरावळला बघितलं, कुणी पोरबंदरला, बाईसकट. तू ते सगळं ऐकलंस आणि कपाळावर कुंकू लावून पाण्याला जात राहिलीस.

तब्येत कळव. या वेड्या भावावरची कृपा पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
जगन


रोहा
६ डिसेंबर २०२४

चि. जगन यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी परत परत वाचलं. सुनीताला दाखवलं नाही.

आवाज दोनदा येतो असं लिहिलंस. नीट ऐकलंस ना? ह्यांची एक सवय होती, ती तुला माहीत असायचं कारण नाही. मचवा सुटताना ते केबिनमध्ये देवाजवळ बोटाने दोनदा वाजवायचे. निघालो, म्हणून. परत आले की एकदा. आलो, म्हणून. मी गमतीने विचारायचे की देव काय बहिरा आहे? आता मीच बहिरी झाले.

घाबरू नकोस. निशालाही घाबरू देऊ नकोस. विडीचा वास आला तर येऊ दे, त्याने कुणाचं वाईट झालेलं नाही.

एक काम कर. दिव्याच्या फळीच्या मागे, भिंतीच्या फळ्या जिथे जुळतात, तिथे एक हातभर लांबीचं झाकण आहे. बघितल्यावर कळणार नाही, फळीसारखीच फळी. मचवा चालता असला की लाटेने टाक खाली पडू नये म्हणून ते देवाला त्याच्या आतल्या खणात ठेवायचे. धक्क्याला लागले की परत फळीवर. हे त्यांना ठाऊक होतं आणि मला. बाबांच्या रंगाने ते झाकण बुजून गेलं असणार. आता रंग निघालाय, तर उघडतं का बघ. उजव्या कोपऱ्यात अंगठा दाबायचा, म्हणजे डावीकडून सुटतं.

तेवढं बघ आणि कळव. मी वाट बघते. थंडी पडली असेल, तेल-रोगणाच्या कामात छाती झाकून बसत जा. माझा जीव तुझ्यात आहे हे तुला सांगायला नको.

तुझी ताई,
सौ. वेणू


विचुंबे
१५ डिसेंबर २०२४

ती. सौ. वेणूताईस,
जगनचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

ताई, झाकण उघडलं. तू सांगितलंस तसंच, उजवीकडे अंगठा दाबला आणि डावीकडून सुटलं. टक टक तेच करत होतं, रंग निघाल्यावर मोकळं झालेलं.

आणि ऐक. टाक आत आहे. अगदी आतच. काळा पडलाय, पण देवीचा चेहरा ओळखू येतो. मी पाया पडलो आणि होता तसाच ठेवला, घासलासुद्धा नाही. निशालाही दाखवला नाही, आधी तुला कळवायचं म्हणून.

कळतंय ना तुला याचा अर्थ? भावजी कुठे गेले नव्हते. वेरावळ नाही, पोरबंदर नाही, बाई नाही. देव मागे ठेवून कुठला तांडेल जातो? गेले ते दर्यातच गेले. तू जन्मभर टाकलेली बायको म्हणून ऐकून घेतलंस, ते सगळं खोटं होतं. आता कुणी काही बोलू दे, मी त्याला केबिनमध्ये आणून उभा करीन. नाही, आणणार नाही. पण तू मनातून काढून टाक. ते तुझेच होते, शेवटपर्यंत.

मला ठाऊक आहे, यामुळे दुसरं दुःख येतं. कुंकवाचं. पण आजकाल ते कोण बघतं, तू लावत राहा. मिताली, माझी सून, म्हणते आत्यांना लाल टिकली शोभते, बास.

हॉटेलवाला परवा येऊन बघून गेला. त्याला आतून चकचकीत हवं आहे, आरशासारखं. मी त्याला बोललो, आरसा हवा तर आरसा घ्या. प्रितेश माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

विश्वास ठेव माझ्यावर. टाक आत आहे. आपला लोभ असा आहे की मी तुला वेगळं का लिहीन?

तुझा,
जगन


रोहा
२३ डिसेंबर २०२४

चि. जगन यास,
खूप खूप आशीर्वाद.

माझ्या राजा, मी फक्त एवढंच विचारलं होतं की झाकण उघडतं का. आत काय आहे हे मी विचारलं नव्हतं.

लहानपणी तू खोटं बोललास की एकच गोष्ट तीनदा सांगायचास. अजून तसाच आहेस. आणि टाक देवीचा नाही रे. ह्यांचा देव खंडोबा. घोड्यावर बसलेला, मागे म्हाळसा. देवी आपल्या माहेरची.

टाक माझ्यापाशी आहे. हे लिहितेय तेव्हा समोर ठेवलाय.

आता सगळं सांगते, कारण ते मी सोडून कुणाला ठाऊक नाही. मचवा ओढून आणला तेव्हा ओहोटी होती. तो चिखलात लागला आणि माणसं फळ्या आणायला गेली. मी थांबले नाही. कमरेपर्यंत चिखलातून गेले आणि पहिली वर चढले. चपला बघितल्या, टॉवेल बघितला. मग झाकण उघडलं. देव आत होता. मला तिथेच कळलं की माझा नवरा बुडाला.

पण धक्क्यावर माझ्या सासूबाई, सोनाबाई, उभ्या होत्या. त्यांचा थोरला आधीच दर्याने नेला होता, तू ऐकलं असशील. तेव्हा त्यांनी खाडीत उडी घेतली होती, लोकांनी केस धरून वर काढलं. दुसराही गेला हे कळलं असतं तर त्या पुन्हा गेल्या असत्या, आणि या वेळी कुणाच्या हाती केस लागले नसते. मी टाक ओटीत घातला आणि झाकण लावून घेतलं. लोकांना फळी रिकामी सापडली. हे पळून गेले असं ते म्हणाले, तेव्हा सोनाबाईंनी त्यांना शिव्या दिल्या आणि तोंडभर हसल्या. माजा पोर जिता हाय, म्हणाल्या. गेला तर गेला, येल परत.

मी माझ्या माणसाचं नाव खराब होऊ दिलं. त्यांना ते चाललं असतं, आईसाठी त्यांना काहीही चालायचं. टाक मी कुंकवाच्या करंड्यात तळाशी ठेवला आणि वरून कुंकू भरलं. रोज सकाळी त्याच्यावरचंच कुंकू लावलं. सासूबाई आधी माझं कपाळ बघायच्या, मग चहा घ्यायच्या. रोज संध्याकाळी एक भाकरी झाकून ठेवायच्या. पुष्कळ वर्षं जगल्या. जाताना मला सांगून गेल्या, तो आला की त्याला रागवू नको.

त्यानंतर पुसायचं म्हटलं तर सुनीताचं लग्न आलं, मग तिची पोरं, मग पोरांची लग्नं. ओटी भरायला सवाष्ण आई हवी. पुसायला मुहूर्तच मिळाला नाही. आणि खरं सांगू? मला आवडायचं ते. दुसरं काय होतं त्यांचं माझ्याजवळ?

पण हिरवं लुगडं बघितल्यावर मी हादरले. सरणावर नाटक नको. वर भेटले तर म्हणतील, वेणू, तू मला जिवंत ठेवलंस, पण मी वाट चुकलो ना.

सुनीताला सांगितलं. ती रडली नाही. बाजारातून आणलेली सगळी कोळंबी सोलत बसली, दुसऱ्या दिवशीची पण. मग संध्याकाळी विचारलं की बाबा दिसायला कसे होते. आजवर कधी विचारलं नव्हतं.

तू माझ्यासाठी खोटं लिहिलंस आणि ते खरं निघालं. एवढी माया मला पुरे आहे. शेवटचं रोगण देऊ नकोस. मी येते. देव त्यांच्या जागी ठेवायचा आहे.

वेणू


विचुंबे
२० जानेवारी २०२५

ती. वेणूताईस,
जगनचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

वर तुझ्या नावाआधी मी जागा सोडली आहे. काय लिहू ते कळेना. ‘सौ.’ लिहिलं आणि खोडलं. ‘गं. भा.’ लिहायला हात वळेना. म्हणून नवा कागद घेतला. तूच सांग.

खणात काय होतं ते आता खरं लिहितो. काही नव्हतं. टाकाच्या आकाराचा एक फिकट चौकोन होता लाकडावर, बाकी सगळं धुराने काळं. मला वाटलं, हा माणूस देव घेऊन गेला आणि माझ्या बहिणीला ठेवून गेला. राग इतका आला की पटाशीने ते झाकण फोडणार होतो. बरं झालं, नाही फोडलं.

तू आणि सुनीता रोह्याला परत गेल्यावर घर सुनं झालं. सुनीताने पॉलिश पेपर घेऊन बाकं घासली ती मेस्त्रींना अजून आठवतायत. म्हणतात, बाईचा हात तांडेलासारखा चालतो. जाळात भाजलेल्या पोपटीच्या मडक्यातले वाल तिने बापासाठी बाजूला काढून बाकावर ठेवले, तेही मी बघितलं. तिला बोलू नकोस.

तू एकटीच केबिनमध्ये गेलीस तेव्हा आम्ही खाली उभे होतो. तू वर काय केलंस ते मी विचारलं नाही. फक्त उतरलीस तेव्हा तुझं कपाळ मोकळं होतं, आणि निशाने हात धरला तर तू म्हणालीस की पडत नाही गं मी, हलकं वाटतंय.

तुला एक गोष्ट ठाऊक नाही. त्या सकाळी मेस्त्रींनी भिंतीला रोगणाचा पहिला हात दिलेला होता, ओला. दुसऱ्या दिवशी बघतो तर झाकणाच्या शेजारी, उजव्या कोपऱ्याच्या वर, एक लाल बोट उठलेलं. तुझा अंगठा, कुंकवाचा. पुसून तिथेच लावलंस की झाकण दाबताना टेकला, तुला माहीत. मेस्त्रींनी घासून काढायला कागद उचलला, तो मी हातातून काढून घेतला. त्याच्यावरूनच पुढचे हात दिले. आता ते काचेखाली ठेवल्यासारखं दिसतं. पाणी लागलं तरी जाणार नाही.

हॉटेलवाल्याला नाही म्हणून कळवलं. प्रितेशच म्हणाला, बाबा, त्यात बसून कुणी पापलेट खायला नको.

आणि काल भरतीच्या वेळी मी मुद्दाम आत जाऊन बसलो. वास नव्हता, नव्या रोगणाचाच होता. वाट बघितली. वाजलं, ताई. एकदाच. मी थांबलो, पुढची ओहोटी लागेपर्यंत थांबलो. परत वाजलं नाही. मेस्त्री म्हणतात, रोगणाने झाकण घट्ट बसलं, आता तेवढंच वाजणार. असेलही.

मी उठून ‘आलो’ असं म्हणालो नाही. ते त्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, बसा.

औषधं वेळेवर घे. आणि मला कळव, पत्राच्या वर काय लिहू?

तुझा,
जगन


रोहा
२९ जानेवारी २०२५

चि. जगन यास,
आशीर्वाद.

हिरवं लुगडं सुनीताने कापून नातीला परकर शिवला.

पत्रावर ‘सौ.’ लिहू नकोस. ‘गं. भा.’ पण नको, ते मी तेव्हा घेतलं नाही, आता कशाला? तू नुसतं वेणूताई लिही. भगवान मला नुसतं वेणू म्हणायचा. आज त्याचं नाव पहिल्यांदा माझ्या हाताने लिहिलं.

एकदाच वाजलं ना? परत बसून ऐकू नकोस.

वेणू